विश्लेषण : इंग्लंडमध्ये ११४ बळी घेणाऱ्या बाळू पालवणकरांना कर्णधारपद का मिळाले नाही?

गोंदिया-भंडाऱ्यात जुन्या राजकारणाच्या गप्पा रंगल्या, की १९५४ ची पोटनिवडणूक निघतेच. तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १ मे १९९९ रोजी झाला. त्यावेळच्या भंडारा मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेसाठी उभे होते आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले. ही आठवण इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच्या १७ वर्षे आधीची, १९३७ ची मुंबईतील लढत मात्र फारशी कुणाला आठवत नाही. त्या वेळी काँग्रेसने बाबासाहेबांसमोर उभा केलेला उमेदवार एक निवृत्त क्रिकेटपटू होता. त्याचे नाव बाळू पालवणकर. जुन्या धावफलकांवर त्यांची नोंद ‘पी. बाळू’ अशी सापडते.

भारत पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. त्याच्या दोन दशके आधी इंग्लंडमधल्या फलंदाजांना हैराण करणारा हा डावखुरा फिरकीपटू. अनेकांच्या मते भारतीय क्रिकेटचा पहिला मोठा गोलंदाज. ‘लगान’मधला कचरा आठवतो? ते पात्र बाळूंवरून सुचले असावे, असे अनेकदा म्हटले जाते. पण कचऱ्याची गोष्ट एका सामन्यात संपते. बाळूंची पंधरा वर्षांहून अधिक काळ चालली आणि तिचा शेवट चित्रपटासारखा झाला नाही.

बाळू क्रिकेटकडे वळले कसे?

जन्म १८७६ चा, धारवाडचा. कुटुंब मूळचे कोकणातले. रत्नागिरीकडील पालवण गावावरून पालवणकर हे आडनाव आले. समाज चर्मकार, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘अस्पृश्य’. वडील लष्करी नोकरीत असल्याने घर पुण्याच्या छावणीच्या आसपास आले. महाराष्ट्रातील अनेक दलित कुटुंबांना शिक्षणाची आणि बाहेरच्या जगाची पहिली ओळख लष्करामुळे झाली. आंबेडकरांचे घरही त्यांपैकीच. पालवणकरांच्या मुलांना त्याच वाटेने क्रिकेट भेटले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल खेळ शिकले. चौघेही पुढे नावाजलेले क्रिकेटपटू झाले.

पहिली नोकरी खेळाडू म्हणून नव्हती. पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्लबवर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबवर गेले. तिथे पगार एक रुपयाने वाढला. काम तेच होते, त्यात सरावाची जाळी बांधणे आणि मैदानाची आखणी यांची भर पडली. सरावाला गोलंदाज कमी पडत, म्हणून एका साहेबाने या पोराच्या हातात चेंडू दिला. पोराचा हात अलगद वळत होता. चेंडू उंची घेई, हवेत वाकडा होई आणि टप्पा पडल्यावर कुठे वळेल याचा अंदाज येत नसे.

त्या काळी मुंबई इलाख्यातील सर्वांत नामांकित इंग्रज फलंदाज म्हणजे कॅप्टन जे. जी. ग्रेग. ते सकाळी इतरांच्या आधी मैदानावर येत आणि एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे, अशी त्यांची बोली होती असे सांगतात. हिशेब मांडून पाहा. ग्रेगना आठ वेळा बाद केले, की महिन्याचा पगार वसूल. यापेक्षा चांगली प्रशिक्षण शिष्यवृत्ती त्या काळात कुणाला मिळाली असेल, असे वाटत नाही.

एक गोष्ट मात्र पूना क्लबवर कधीच झाली नाही. बाळूंना फलंदाजी करू दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा खेळ, गोलंदाजी ही मजुरी, असा तो सरळ हिशेब होता. पुढे कर्णधारपदाचा वाद पेटला तेव्हा हीच मनोवृत्ती वेगळ्या वेषात समोर आली, म्हणून ती इथे लक्षात ठेवायला हवी.

हिंदू संघाने त्यांना घेतले, पण कसे?

पुण्यातल्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचे होते. गोऱ्यांच्या सर्वोत्तम फलंदाजाला रोज गोलंदाजी करणारा माणूस गावातच होता, पण तो अस्पृश्य होता. क्लबात दोन तट पडले. शेवटी जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीपेक्षा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले.

मैदानावर एकच चेंडू सगळे हाताळत. दोरीबाहेर मात्र सगळे बदले. चहाच्या वेळी बाकीचे खेळाडू तंबूत बसत. बाळूंना चहा बाहेर मिळे, तोही वापरून टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. हातपाय धुवायचे तर त्यांच्याच समाजातल्या माणसाने मैदानाच्या कोपऱ्यात पाणी आणून द्यायचे. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागाही वेगळी.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धचा सामना या संदर्भात नेहमी सांगितला जातो. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवल्याचे म्हणतात. तरी बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुणेकर जिंकले. त्यानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीरपणे क्लबच्या मंडळींचे कान उपटले. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत चहा-फराळ करायला हरकत कसली, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा साधा होता, पण पुण्यात तो काढायला रानडेच लागले.

१८९६ मध्ये प्लेग आला आणि पालवणकर कुटुंब मुंबईला गेले. तिथे लष्करात आणि नंतर रेल्वेत बाळूंनी नोकरी केली. रेल्वेचा स्वतःचा क्रिकेट संघ असल्याने खेळ सुटला नाही. हिंदू जिमखान्यात प्रवेश देताना पुन्हा तोच विरोध झाला. कर्णधार कीर्तिकर यांच्या आग्रहामुळे तो मागे पडला आणि बाळू मुंबईच्या हिंदू संघाचे मुख्य गोलंदाज बनले.

१९०६ चा सामना इतका महत्त्वाचा का?

आजच्या वाचकाला ते चमत्कारिक वाटेल, पण तेव्हाचे सर्वांत मोठे क्रिकेट धर्मावर विभागलेले होते. आधी युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. त्यात हिंदू आले आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ मध्ये मुस्लीम संघ आल्यावर ती चौरंगी झाली, १९३७ पासून पंचरंगी. मुंबईत या सामन्यांना प्रचंड गर्दी लोटे. सी. के. नायडूंनी १९१६ मध्ये याच हिंदू संघातून पदार्पण केले. म्हणजे विदर्भाला अभिमान असलेला नागपूरचा हा खेळाडू मुंबईच्या मोठ्या क्रिकेटमध्ये आला, तेव्हा बाळूंची कारकीर्द अजून चालू होती.

हिंदूंचा युरोपियनांविरुद्धचा पहिला मोठा सामना फेब्रुवारी १९०६ मध्ये झाला. हिंदूंनी २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांत आटोपले. युरोपियनांना २१२ हव्या होत्या, त्यांचा डाव १०२ मध्ये गडगडला. विजय १०९ धावांनी. बाळूंचे बळी पहिल्या डावात तीन, दुसऱ्यात पाच. भाऊ शिवरामही संघात होता.

बंगालच्या फाळणीमुळे देश तापलेला होता आणि जपानने रशियाला नुकतेच हरवले होते. अशा वेळी राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा अर्थ लोकांनी क्रिकेटपुरता लावला नाही. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवले. हा विजय जातीची भिंत थोडी खाली आणल्यामुळे शक्य झाला, हे त्याने नोंदवले. पुढच्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना पुन्हा हरवले, या वेळी २३८ धावांनी.

इंग्लंड दौऱ्यात काय घडले?

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. हिंदू, मुस्लीम, पारशी आणि शीख असे सगळे त्यात होते. कर्णधार होते पतियाळाचे एकोणीस वर्षांचे महाराजा भूपिंदर सिंग. ते वर्ष राजे पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे. महाराजांना मेजवान्या आणि समारंभांतून सवड मिळेना, त्यामुळे ते लवकरच संघापासून दूर झाले. त्यांचे सचिव असलेले कर्नल मिस्त्री हे संघातले अव्वल फलंदाज. तेही बहुतेक वेळ महाराजांसोबतच अडकले.

उरलेल्या संघाने २३ सामने खेळले. सहा जिंकले, १५ हरले, दोन अनिर्णित राहिले. आकडे काही अभिमानाचे नाहीत. पण त्या हरणाऱ्या संघात पस्तिशीच्या बाळूंनी ११४ गडी टिपले, सरासरी १८.८४ धावांची. त्यातले ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ. लिस्टरशायरविरुद्ध सामन्यात अकरा, आणि इंग्लिश कौंटीवरचा या दौऱ्यातला पहिला विजय तोच. सॉमरसेटला एका गड्याने हरवले तेव्हा शतक झळकावणारा फलंदाज शिवराम होता. प्रथम श्रेणीतले दोनच विजय, आणि दोन्हींवर पालवणकर भावांची मोहोर. खांदा दुखत असतानाही बाळू टाकत राहिले, कारण दुसरे टाकणार कोण?

परतल्यावर मुंबईत दलित समाजाच्या वतीने त्यांचा सत्कार झाला. मानपत्राशी एका वीस वर्षांच्या महाविद्यालयीन तरुणाचे नाव जोडले जाते, भीमराव आंबेडकर. क्रिकेटचा आणि दलित चळवळीचा इतिहास लिहिणारे हा प्रसंग आवर्जून सांगतात. आपल्यातला एक माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला बाद करून आला, याचा त्या पिढीला किती आधार वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

मग कर्णधारपद का नाही?

संघात सर्वांत अनुभवी आणि सर्वाधिक बळी घेणारा खेळाडू. तरी १९१० ते १९२० या काळात दर वर्षी कर्णधार निवडायची वेळ आली, की नाव दुसऱ्याचेच. दर वर्षी कुणीतरी बाळूंचे नाव सुचवी आणि दर वर्षी ते मागे पडे. कर्णधार उच्चवर्णीय, शिकलेला, इंग्रजी बोलणारा आणि शक्यतो फलंदाज असावा, अशी धारणा होती. सामन्यानंतर गोऱ्या संघाच्या कप्तानाशी बोलणार कोण, मेजवानीला संघाचे प्रतिनिधित्व करणार कोण, हे प्रश्न गोलंदाजीपेक्षा मोठे मानले गेले. इंग्लंड दौऱ्यावर महाराजा कर्णधार असतो आणि तो मैदानावर नसला तरी चालते, हे याच पठडीतले. कर्णधारपद हा खेळाचा नव्हे, प्रतिष्ठेचा मामला होता.

याला अपवादही होते आणि त्यांची नोंद घेतलीच पाहिजे. हिंदू संघाचे कर्णधार एम. डी. पै यांचा त्यांच्या ज्ञातिबांधवांनी सत्कार केला. तेव्हा त्यांनी उघडपणे सांगितले, की ज्येष्ठता आणि अनुभव पाहता हा मान बाळूंना मिळायला हवा होता. आपल्याच सत्काराच्या सभेत असे बोलायला धैर्य लागते.

१९२० मध्ये ठिणगी पडली. बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी होते, म्हणून नेतृत्व पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. देवधर पुढे भारतीय क्रिकेटचे पितामह ठरले, त्यांच्या योग्यतेबद्दल शंका नाही. पण तोवर विठ्ठल पालवणकर हा हिंदूंचा सर्वांत भरवशाचा फलंदाज झाला होता आणि ज्येष्ठतेत तो पुढे होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि त्यामागचे कारण जातीचा भेदभाव आहे हे जाहीर पत्राने सांगून टाकले. त्या काळात एखाद्या खेळाडूने निवड समितीला असे उघड आव्हान देणे ही साधी गोष्ट नव्हती, त्यातही दलित खेळाडूने.

वृत्तपत्रांत पत्रे छापून आली. महात्मा गांधींच्या अस्पृश्यता निवारणाच्या आवाहनामुळे हवाही बदलत होती. व्यवस्थापनाला नमते घ्यावे लागले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, दोघे भाऊ संघात आले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळेपुरते नेतृत्व बाळूंनी केले. वय ४४. बाळूंच्या वाट्याला आलेले कर्णधारपद एवढेच.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्यासाठी चहा तंबूबाहेर ठेवला जात होता, त्यांचाच हा धाकटा भाऊ.

आकडे काय सांगतात?

प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. सामने कमी दिसतात, कारण त्या काळी भारतात तसे सामनेच कमी होत. खेळपट्ट्या उघड्या असत, पावसाने भिजत, त्यामुळे आजच्या गोलंदाजांशी थेट तुलना योग्य नाही. तरीही इंग्लंडमध्ये, इंग्रज फलंदाजांसमोर, एका दुबळ्या संघासाठी घेतलेले ते ११४ बळी खेळपट्टीच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

बाळू आणि आंबेडकर समोरासमोर कसे आले?

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात ओढले गेले. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. आंबेडकरांची ती मागणी होती. गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केले. मद्रासचे एम. सी. राजा यांच्याप्रमाणेच बाळूही संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने होते. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा, पण मतदारसंघ संयुक्त. त्या करारावरच्या सह्यांमध्ये आंबेडकर आहेत आणि पी. बाळूही आहेत.

१९३५ मध्ये येवल्याला आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा बाळूंनी धर्मांतराला विरोध केला. एकाच अपमानातून दोघे गेले होते, निष्कर्ष मात्र वेगळे निघाले. बाळूंना हिंदू संघात हळूहळू का होईना जागा मिळाली होती, भावाला कर्णधारपद मिळाले होते. आतून दार ढकलता येते, असा त्यांचा अनुभव. आंबेडकरांनी त्याच दाराची गती मोजली आणि आपल्या लोकांनी एवढे थांबायचे नाही असे ठरवले. बाळूंना गांधीवादी म्हणून झटकून टाकणे किंवा आंबेडकरांचे विरोधक म्हणून रंगवणे, दोन्ही सोपे आहे. दोन्हींत त्यांच्यावर अन्याय होतो.

१९३७ ची निवडणूक आंबेडकरांच्या नव्या स्वतंत्र मजूर पक्षाची पहिलीच. मुंबईतील राखीव जागेवर काँग्रेसने बाळूंना उभे केले. आंबेडकरांना पाडायचे तर दलित समाजात मान असलेले दुसरे नाव हवे आणि ते नाव बाळूंचे, हा पक्षाचा हिशेब उघड होता. निकाल आला : आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. फरक २,०२० मतांचा. ज्याच्या सत्कारासाठी एकेकाळी विद्यार्थी आंबेडकर पुढे आले होते, त्याच्याशीच ही चुरस झाली.

त्यानंतर बाळूंचे नाव सार्वजनिक जीवनातून मागे पडत गेले. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, पण तेही फारसे वाचले गेले नाही. २००२ मध्ये इतिहासकार रामचंद्र गुहा यांचे भारतीय क्रिकेटवरचे इंग्रजी पुस्तक आले, तेव्हा कुठे पालवणकर भावांची कहाणी नव्या पिढीपर्यंत पोहोचली.

भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत आंबेडकर हरले तेव्हा बाळू हयात होते. वर्षभराने, ४ जुलै १९५५ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.